धूर पाहायला बाहेर जावं लागतं

शेगडी विझू नये म्हणून मी तिचा गळा दाबला, ही त्या रात्रीची हकीकत थोडक्यात. झोपण्यापूर्वी दोन जाड ओंडके आत सारले, दार घट्ट लावलं, हवेचा खटका पार शेवटपर्यंत ढकलून हवा बंद केली आणि स्वतःच्या शहाणपणावर खूश होऊन पांघरुणात शिरले. रात्रभर मंद धुमसत राहील, सकाळी घर उबदार मिळेल आणि लाकूडही पुरवून पुरवून वापरलं जाईल, असा माझा हिशेब. सकाळी उठले तर शेगडी कोमट, दाराच्या काचेवर डांबर फासल्यासारखा काळा थर आणि आत दोन्ही ओंडके जवळपास होते तसेच, नुसते वरून कोळपलेले. माझं डोकंही जड झालं होतं. ते मी अपुऱ्या झोपेच्या खात्यावर टाकलं.

त्याच दिवशी दुपारी मामा राहायला आला. मामानं उभी हयात कारखान्यांच्या बॉयलरवर काढली. थंडीतून आलेला माणूस शेगडीपाशी हात शेकायला जातो. मामानं आत येऊन काचेकडे एकवार पाहिलं आणि पायातल्या चपला न काढताच तो पुन्हा अंगणात गेला. मान वर करून धुराड्याकडे बघत उभा राहिला. मी तासाभरापूर्वीच शेगडी परत पेटवली होती. धुराड्यातून पिवळट करडा, दाट धूर निघत होता आणि वर जायचं सोडून छपरावरून खाली घरंगळत होता.

"अगं, काय जाळतेस हे?"

"लाकूड."

"लाकूड कुठं जळतंय? ते तर सगळं वर चाललंय."

या वस्तूला मराठीत नेमकं काय म्हणावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. स्टोव्ह म्हटलं की पंप मारायचा रॉकेलचा स्टोव्ह डोळ्यापुढं येतो, शेगडी म्हटलं की उघडा कोळसा, आणि चूल तर वेगळंच प्रकरण. ही आपली चार पायांवर उभी असलेली बिडाची जाड पेटी, पुढं काचेचं दार, माथ्यातून निघून छपराबाहेर गेलेला नळ. काम एकच, खोली गरम ठेवायची. आम्ही या घरात आलो तेव्हा ती आधीपासून बसवलेली होती. मी तिला शेगडी म्हणते. मामा 'तुझी भट्टी' म्हणायचा, आणि त्यात थोडी थट्टा असायची.

संध्याकाळी त्यानं एक मेणबत्ती मागितली. ती पेटवली, मिनिटभर नीट जळू दिली आणि फुंकर मारून विझवली. वातीतून पांढऱ्या धुराची दोरी सरळ वर चढली. मामानं जळती काडी वातीला न लावता बोटभर वर त्या धुरातच धरली. ज्योत धुरावरून सरकन खाली उतरली आणि वातीवर जाऊन बसली. मी त्याला तीनदा करायला लावलं.

हा खेळ जुना आहे. १८६० सालच्या नाताळात मायकेल फॅरेडेनं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढं मेणबत्ती या एकाच विषयावर व्याख्यानं दिली होती. त्यानं ज्योतीच्या मधल्या काळसर भागात काचेची नळी घालून तिथली वाफ बाहेर काढली आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला ती पेटवून दाखवली. ज्योत मेणाची नसते, मेणाच्या वाफेची असते. लाकडाचंही तेच. लाकूड तापू लागलं की आधी शंभर अंशांच्या आसपास त्यातलं पाणी निघून जातं. दोनशे-अडीचशे अंशांपुढं लाकूड स्वतःच मोडू लागतं आणि त्यातून वायू सुटतात. कोरड्या लाकडाच्या वजनातला तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही जास्त भाग असा वायू होऊन उडतो. मागं उरतो तो कोळसा, म्हणजे आपला लालबुंद निखारा. आपण जाळ म्हणून ज्याकडं टक लावून बघतो ते या वायूंचं जळणं असतं. पण ते पुरते जळायला सहाशे अंशांच्या आसपासची उष्णता लागते, सोबत हवा लागते आणि दोघांची गाठ पडायला थोडा वेळ लागतो. यातलं एक जरी कमी पडलं तर तेच वायू न जळता बाहेर पडतात, आणि बाहेर पडलेल्या त्या सरपणाला आपण धूर म्हणतो.

म्हणजे त्या रात्री मी काय केलं? ओंडके तापतील, वायू सोडतील एवढी धग ठेवली आणि ते वायू जाळायला लागणारी हवा तेवढी काढून घेतली. जेवढं लाकूड तापलं त्यातला तीन चतुर्थांश भाग धुराड्यावाटे फेकून दिला आणि त्यालाच काटकसर समजले. हे कळल्यावर मला शेगडीपेक्षा माझाच जास्त राग आला, कारण ही खोड माझी फक्त शेगडीपुरती नाही. पुरवायचं म्हणून झाकून ठेवायचं आणि झाकलेलं आतल्या आत खराब होऊ द्यायचं, याची उदाहरणं माझ्या कपाटातही सापडतील. असो.

हवेबद्दल मामानं जे सांगितलं त्यानं मी खरी चकित झाले. एक किलो कोरडं लाकूड पुरतं जळायला किमान सहा किलो हवा लागते. सहा किलो हवा म्हणजे साधारण पाच घनमीटर. आणि प्रत्यक्षात शेगडीतून याच्या दुपटीच्या आसपास हवा वाहते. मी आजवर टोपली भरून लाकूड आणलं की शेगडीचं जेवण आलं असं समजत होते. तिचं मुख्य जेवण तर खोलीतूनच जात होतं, फुकट, आणि मी त्याच्यावरच हात आखडत होते.

सरपणाकडं मामा दुसऱ्या दिवशी वळला. मी लाकडं घराच्या भिंतीला लावून जमिनीवरच रचली होती आणि पाऊस लागू नये म्हणून वरपासून खालपर्यंत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळली होती. मामानं कागद उचलला तर आतून ओलसर भपकारा आला, कागदाच्या आतल्या बाजूला थेंब धरलेले. "हे वाळवतेयस की वाफवतेयस?" एवढंच म्हणाला. मग दोन ढलप्या घेऊन एकमेकींवर आपटल्या. बद्द असा आवाज आला. चांगलं वाळलेलं लाकूड टणकन वाजतं, त्याच्या टोकांना मधून बाहेर जाणाऱ्या चिरा पडलेल्या असतात, साल सैल झालेली असते आणि हातात घेतलं की वजन अपेक्षेपेक्षा कमी भरतं. नंतर मी ओलावा मोजायचं दोन सुयांचं छोटं यंत्र आणलं. ते बाहेरच्या बाजूला टोचून उपयोग नाही, बाहेरून सगळीच लाकडं वाळलेली असतात. ढलपी मधून फोडायची आणि आतल्या ताज्या अंगात सुया रुतवायच्या. वीस टक्क्यांच्या आत आकडा आला तर लाकूड शेगडीजोगं. माझा आकडा चौतीस होता.

सुक्याबरोबर ओलंही जळतं, असं आपण म्हणतो. ही म्हण लाकडाबद्दल खरी आहे, पण ओलं जळतं ते सुक्याच्या जिवावर. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनानं निम्मं पाणी असू शकतं. दहा किलो ओलं लाकूड आत घातलं तर त्यात पाच किलो लाकूड आणि पाच लिटर पाणी. हे पाणी तापवून त्याची वाफ करायला त्या पाच किलो लाकडाच्या उष्णतेतला साधारण सातवा हिस्सा खर्ची पडतो. मला वाटलं, सातवाच हिस्सा ना, मग एवढा गाजावाजा कशाला? मामा म्हणाला की खरा तोटा तो नव्हेच. पाणी उकळत असतं तोवर जाळाचं अंग गार राहतं, सहाशे अंशांची मजल गाठलीच जात नाही, आणि मग वायू न जळता सुटतात. पाण्यानं खाल्लेली उष्णता हिशेबात धरता येते. पाण्यामुळं जे लाकूड जळलंच नाही ते धुरातून गेलेलं असतं, त्याचा हिशेब कुठंच लागत नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघांनी मिळून रास नव्यानं रचली. खाली दोन आडवे वासे टाकून ती जमिनीपासून वीतभर उचलली. भिंतीपासून हातभर लांब घेतली. प्रत्येक ओंडका फोडून मगच रचला, कारण साल अंगावर असलेला अख्खा ओंडका फार सावकाश वाळतो; पाणी मुख्यतः उघड्या पडलेल्या अंगातून जातं. वरच्या थराची साल आभाळाकडं. कागद फक्त माथ्यावर, बाजू मोकळ्या. वारं आरपार गेलं पाहिजे, ऊन दुय्यम. नरम लाकूड एका उन्हाळ्यात तयार होऊ शकतं, घट्ट कठीण लाकडाला दोन वर्षंही लागतात. रचताना मामाची एक सवय दिसली: तो प्रत्येक ढलपी हातात फिरवून, तिचा कल बघून मग ठेवायचा. मी घाई करायचे आणि माझ्या बाजूची रास दोनदा कोसळली. हे काम मला इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं. या थंडीत बसून पुढच्या नाही तर त्याच्याही पुढच्या थंडीची सोय करायची. एरवी मी दोन आठवड्यांपलीकडचं काही ठरवत नाही.

कोणतं लाकूड चांगलं यावर लोक तावातावानं बोलतात. वजनावर मोजलं तर वाळलेल्या सगळ्या लाकडांत उष्णता जवळपास सारखीच असते. राळ असलेल्यात किंचित जास्त. फरक आहे तो घनतेचा. कठीण लाकडाचा तेवढाच तुकडा जड भरतो, म्हणून जास्त वेळ चालतो आणि चांगले निखारे देतो. हलकं लाकूड भरभर पेटतं, म्हणून सुरुवातीला कामाचं. काय जाळायचं नाही याची यादी मात्र वादाची नाही. रंगवलेलं, पॉलिश केलेलं, वाळवी लागू नये म्हणून औषध पाजलेलं लाकूड, प्लायवूड, चिपबोर्ड, प्लास्टिक, रंगीत छपाईचे गुळगुळीत कागद, यांतलं काहीही नाही. जुन्या औषधी लाकडात आर्सेनिक, क्रोमियम आणि तांबं असायचं. जाळल्यावर ते काही धुरातून जातं आणि उरलेलं राखेत बसतं. समुद्रानं किनाऱ्यावर टाकलेलं लाकूड दिसायला सुंदर असतं, पण त्यात मीठ मुरलेलं असतं, त्यातून विषारी क्लोरिनयुक्त संयुगं तयार होतात आणि बीडही गंजतं. आणि पेटत नाही म्हणून रॉकेल किंवा पेट्रोल शिंपडणाऱ्याला मामा बॉयलरच्या खोलीतून बाहेर काढायचा, तेव्हा मी ती गोष्ट विचारूही नये.

पेटवण्याच्या पद्धतीवरून आमचं भांडण झालं. मी खाली कागद, त्यावर काटक्या, त्यावर मोठी लाकडं अशी रचना करायचे. सगळं जग असंच करतं. मामानं उलटं केलं. सगळ्यांत जाड तीन ओंडके तळाशी, थोडी फट ठेवून. त्यांच्यावर आडव्या मध्यम ढलप्या. त्यावर अंगठ्याएवढ्या चिपाट्या. आणि माथ्यावर लाकडाच्या सालपटांची गाठोडी. काडी लावली ती माथ्यालाच. मला वाटलं, म्हातारा विसरला. जाळ खाली कसा उतरेल? उतरला, अगदी मेणबत्तीत उतरतो तसा. वरचा जाळ खालच्या लाकडाला हळूहळू तापवतो, खालून सुटणारा वायू वर येतो तो आयत्या जाळातूनच जातो आणि तिथंच जळून संपतो. माझ्या पद्धतीत खालचा जाळ वरच्या थंड लाकडांवर आपटून धूर करायचा आणि तो धूर पेटवायला वर काहीच नसायचं. शिवाय उलट्या रचनेत पहिला अर्धा तास दार उघडून काही सारखंसारखं करावं लागत नाही, जे मला फार जड गेलं, कारण ढोसणं हाच माझा आवडता भाग होता.

थंड दिवशी नळात गार हवेचा बोळा बसलेला असतो. गार हवा जड, ती खाली बसते आणि पहिला धूर खोलीत परतवते. अशा वेळी मामा एक कागद पिळून पेटवायचा आणि शेगडीच्या आत, नळाच्या तोंडापाशी क्षणभर धरायचा. नळात हुस्स असा आवाज झाला की मगच खरी काडी. बेंजामिन फ्रँकलिनलाही हाच बोळा नडला होता. त्यानं १७४४ साली आपल्या लोखंडी शेगडीचं वर्णन छापलं, पेटंट देऊ केलं तेही नाकारलं. त्याच्या शेगडीत जास्त उष्णता काढून घेण्यासाठी धूर मागच्या पोकळीवरून वळवून आधी खाली उतरवला होता आणि मग धुराड्यात सोडला होता. कल्पना हुशारीची, पण जाळ चांगला तापलेला नसला की धूर खाली उतरायला राजी नसे. पुढं इतरांनी तो मार्ग सरळ केला. पन्नासेक वर्षांनी, १७९६ मध्ये, काउंट रमफर्ड या शास्त्रज्ञानं उघड्या अग्नीकोनाड्यांवर, म्हणजे भिंतीतल्या फायरप्लेसवर, लिहिलं. त्यानं कोनाडा उथळ केला, बाजूच्या भिंती तिरक्या केल्या म्हणजे उष्णता खोलीत परावर्तित होईल, आणि धुराड्याचा घसा अरुंद केला. फ्रँकलिनपेक्षा मला रमफर्ड जवळचा वाटतो. त्यानं नवं यंत्र विकायला काढलं नाही. धूर कुठं अडतो आणि उष्णता कुठं वाया जाते ते बघून चार विटा हलवल्या.

जाळ धरल्यावर खटक्याची गोष्ट. पहिली पंधरा-वीस मिनिटं हवा पूर्ण उघडी. आतल्या विटा तापल्या, मोठे ओंडके सगळ्या बाजूंनी पेटले की हवा थोडी कमी, पुन्हा थोड्या वेळानं थोडी कमी. थांबायचं कुठं ते जाळ सांगतो. ज्योती संथ झाल्या, पिवळ्या पडद्यासारख्या डुलायला लागल्या तर ठीक. लाकडावरून ज्योत नाहीशी होऊन नुसतं धुमसणं सुरू झालं की खटका मागं. नव्या शेगड्यांमध्ये हवा दोन ठिकाणांहून येते. एक खालून, निखाऱ्यांसाठी. दुसरी आधी तापून वरून येते, ती वायूंसाठी, आणि काचेवरूनही तिचा एक पदर खाली वाहतो म्हणून काच स्वच्छ राहते. काच काळी पडत असेल तर लाकूड ओलं आहे किंवा हवा कमी आहे, तिसरं कारण सहसा नसतं. मी नळावर चुंबकानं चिकटणारं तापमापक लावलं आहे. काटा साधारण १२० ते २५० अंशांच्या मधे राहिला की मी पुस्तक उघडते. त्याखाली काजळी धरते, त्याच्या फार वर गेलं तर उष्णता नळावाटे वाया जाते आणि बीडही शिणतं. नवं लाकूड निखारे चांगले लाल असतानाच घालायचं, एका वेळी दोन-तीन ढलप्या, आणि घातल्यावर हवा पुन्हा काही मिनिटं पूर्ण उघडी. पेटी गच्च भरून पुढचे पाच तास मोकळं होता येत नाही, हे मी आता मान्य केलं आहे. रात्री शेगडी विझू देते. सकाळी घर थोडं गार असतं.

धुराडं साफ करणारा माणूस मामानंच बोलवायला लावला. त्यानं खालून ब्रश सरकवला आणि पहिल्यांदा जे पडलं ती साधी भुरभुरीत काजळी होती. मग कुरकुरीत काळे पापुद्रे. मग तो थांबला, आरसा आणि टॉर्च आत धरून बघितलं आणि मला बोलावलं. वरच्या थंड भागात नळाला आतून चकचकीत काळा लेप बसला होता, काळ्या काचेसारखा. न जळलेला धूर वर जाताना नळ गार लागला, साधारण १२० अंशांच्या खाली, की तो तिथंच थिजतो. त्यात पाण्याचीही भर असते. अगदी खडखडीत वाळलेलं एक किलो लाकूड जळतं तेव्हाही जळण्यातूनच जवळपास अर्धा लिटर पाणी वाफ होऊन निघतं. हा लेप म्हणजे पुन्हा इंधनच. तो पेटला तर धुराड्याच्या आत हजार अंशांवर तापमान जाऊ शकतं, आगगाडी बोगद्यातून जावी तसा घरघराट होतो, विटांचं धुराडं तडकतं आणि आग छपरात शिरते. तसं झालंच तर शेगडीची सगळी हवा बंद करायची, घरातल्या सगळ्यांना बाहेर काढायचं आणि अग्निशामक दलाला फोन करायचा. तापलेल्या बिडावर पाणी ओतायचं नाही. बीड फुटतं आणि वाफेनं माणूस भाजतो. त्या माणसानं मला वर्षातून एकदा तरी, थंडी सुरू होण्याआधी, साफसफाई करून घ्यायला सांगितलं. तीन मिलिमीटर थर दिसला तर वर्षाची वाट बघायची नाही.

त्याच्या हातांकडं बघताना मला पर्सिव्हल पॉट आठवला. लंडनचा हा शल्यविशारद. १७७५ साली त्यानं लिहून ठेवलं की लहानपणापासून धुराडी साफ करणाऱ्यांना अंडकोशाच्या त्वचेचा एक विशिष्ट कर्करोग होतो आणि त्याचं मूळ काजळीत आहे. एखाद्या धंद्याचा आणि कर्करोगाचा संबंध दाखवणारी ही पहिली नोंद मानतात. तेव्हा अरुंद धुराड्यांत चढवायला लहान मुलंच वापरत. माझ्या नळात दीड वर्षात जे साठलं होतं ते माझ्या आळसाचं होतं, आणि ते काढायला दुसऱ्या कुणाला तरी तोंडाला मुखवटा बांधून यावं लागलं.

डोकं जड होण्याची गोष्ट मी मामाला चौथ्या दिवशी सांगितली, सहज, दुसऱ्याच कुठल्या तरी विषयात. तो एकदम गप्प झाला. मग विचारलं, "ते भिंतीवरचं यंत्र वाजलं नाही?" कार्बन मोनॉक्साइड ओळखणारं यंत्र घरात होतं. महिनाभरापूर्वी ते थांबून थांबून चिवचिवायला लागलं होतं, म्हणजे सेल संपत आला होता. त्या आवाजाला कंटाळून मीच सेल काढून ठेवला होता आणि नवा घालायचं राहून गेलं होतं. मामा मला रागावला नाही. उठला, चपला घातल्या, स्वतः जाऊन सेल घेऊन आला आणि स्टुलावर चढून यंत्रात घातला. वयाच्या बहात्तराव्या वर्षी. मी स्टूल धरून उभी होते आणि मला काही बोलता येईना.

या वायूला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, म्हणून हवेत थोडासा असला तरी पुरतो. डोकेदुखी, मळमळ, सुस्ती ही सुरुवात, आणि माणूस त्यालाच थकवा समजून झोपायला जातो. धुमसणारं लाकूड आणि विझत आलेले निखारे तो भरपूर सोडतात. नळात वर खेचणारी ओढ चांगली असेल तर सगळा वर जातो. ओढ कमी पडली की उलटा येतो, आणि ओढ कमी पाडायला मी आणखी एक सोय करून ठेवली होती. घराच्या खिडक्या थंडीसाठी घट्ट बंद केल्या होत्या आणि स्वयंपाकघरातला हवा बाहेर फेकणारा पंखा बराच वेळ चालू असायचा. पंखा हवा बाहेर ओढतो, शेगडीही बाहेर ओढते, आत यायला मात्र वाट नाही. मग पंखा जिंकतो आणि धुराड्यातूनच हवा खाली येते. आता शेगडी पेटलेली असताना पंखा बंद, नाहीतर एक खिडकी बोटभर उघडी. दारावरची दोरीसारखी पट्टी कडक होऊन दबली होती, तीही बदलली. ती तपासायची युक्ती सोपी: थंड शेगडीच्या दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि ओढायची. सहज निघाली तर दार गळतंय.

बाकीची काळजी आपल्याला माहीतच असते आणि तरी आपण घेत नाही. संरक्षक पत्रा नसेल तर शेगडीच्या चहूबाजूंनी साधारण तीन फुटांत जळण्याजोगं काही नको. मी टॉवेल वाळत घालत होते दीड फुटावर. दारापुढची फरशी किमान दीड फूट पुढं आलेली हवी, ठिणगी उडते ती दार उघडताना. लाकडी भिंत किंवा तुळई नळाजवळ असेल तर आज काही झालं नाही यावर जाऊ नये. वर्षानुवर्षं तापत राहिलेलं लाकूड आतून कोळपत जातं आणि ताज्या लाकडापेक्षा कमी उष्णतेला पेट घेऊ शकतं. घरात लहान मूल असेल तर जाळीचं कुंपण.

हे सगळं नीट केलं तरी शेगडी निर्दोष होत नाही, हे लिहायला हवं. डोळ्याला धूर दिसत नाही तेव्हाही धुराड्यातून बारीक कण जात असतात, फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचणारे, आणि ते शेजाऱ्यांच्या खिडकीतही जातात. वारा पडलेल्या, धुकं साचलेल्या दिवशी ते वर न जाता तिथंच घुटमळतात. अशा दिवशी मी शेगडी पेटवत नाही, स्वेटर चढवते. शेजारी दम्याचं कुणी असतं तर मी बहुधा ती कायमचीच बंद केली असती. उघड्या अग्नीकोनाड्यापेक्षा बंद शेगडी कितीतरी बरी. उघड्या जाळाची बहुतेक उष्णता खोलीतली तापलेली हवाही सोबत घेऊन धुराड्यातून जाते. पण बरी म्हणजे चांगली असं माझं मन मला रोज सांगू पाहतं आणि मी रोज त्याचं थोडंसंच ऐकते.

जायच्या आदल्या दिवशी मामानं एक झाकणाची पत्र्याची बादली आणून दिली. राखेसाठी. आधी मी प्लास्टिकच्या बादलीत राख भरून ती लाकडी पायरीवर ठेवत असे, दुसऱ्या दिवशी ओतायला. "राख गार दिसते," तो म्हणाला, "असते असं नाही." राख निखाऱ्यावर पांघरुणासारखी बसते, त्याला हवा तेवढीच मिळते जेवढी जिवंत राहायला पुरेल. बादली घराबाहेर, दगडावर, झाकण लावून, चार दिवस. शेगडीच्या तळाला बोटभर राख मात्र राहू द्यायची, निखारे तिच्यात चांगले टिकतात. मला हे जरा अति वाटलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी झाकण काढून मी जुन्या पळीनं राख ढवळली. करड्या भुग्यात काहीच दिसत नव्हतं. तळापाशी पळी गेली आणि वाटाण्याएवढा एक निखारा वर आला, वारा लागला तसा तांबूस झाला. मी झाकण परत लावलं.

मामाचा फोन परवा आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "पेटलीये का?"

"हो, तासभर झाला."

"बाहेर जाऊन बघ."

चपला घालून, फोन कानाला लावून मी अंगणात गेले आणि मान वर केली.

"काय दिसतंय?"

"काही नाही. नळाच्या तोंडावरची हवा तेवढी थरथरतेय."

"मग आत जा," मामा म्हणाला, "थंडी असेल."